दुसरं छप्पर कुठे आहे?

गेल्या महिन्यात आमच्या गावात प्रांत कचेरीवर मोर्च्याने एक निवेदन गेलं. स्टेशनमागच्या ख्रिस्ती संस्थेचं मुलांचं निवारागृह बंद करा, तिथे पोरं बाटवतात, अशी मागणी होती. आठवड्याने दुसरं निवेदन गेलं. संस्थेतली माणसं देवमाणसं आहेत, त्यांच्याकडे संशयाने बघणं हाच कृतघ्नपणा, असा त्याचा सूर. (गावाचं नाव लिहीत नाही. खानदेशात भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशी जंक्शनं आहेत, कोणतंही धरा.) दोन्ही निवेदनं मी नीट वाचली, मास्तरीण असल्यामुळे हातात लाल पेन घेऊनच वाचली. पहिल्यात ‘धर्मांतर’ सात वेळा आलं होतं, दुसऱ्यात ‘सेवा’ नऊ वेळा. ‘रात्र’ हा शब्द मात्र दोन्हींत एकदाही नव्हता. आणि रस्त्यावरच्या पोराचा प्रश्न मुळात रात्रीचाच असतो. दिवसा त्याला कुणीतरी वडापाव देतं, कुणीतरी हाकलतं, दिवस निघून जातो. साडेअकराची गाडी गेल्यावर फलाटावर जे उरतं, त्यासाठी निवारागृह लागतं.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ते निवारागृह चालू राहिलं पाहिजे. त्याची तपासणी आजच्यापेक्षा कडक झाली पाहिजे. आणि तिथल्या प्रार्थनेची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी त्याच रस्त्यावर दुसरं निवारागृह काढलं पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकदम व्हाव्यात. त्यातली एकच सुटी काढून तिच्यावर भाषण ठोकणं सोपं आहे, आणि सध्या तेच चाललं आहे.

काही वर्षांपूर्वी मी तीन वर्षं बालकल्याण समितीवर होते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत तिच्यासमोर आणायचं, असं २०१५चा बाल न्याय कायदा सांगतो. समितीची बैठक नसेल तर एकट्या सदस्यासमोरही आणता येतं. त्यामुळे रात्री फोन यायचा. थंडीतली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. रेल्वे सुरक्षा दलाचा हवालदार म्हणाला, “मॅडम, एक पोरगं आहे. बोलतं अहिराणी, पण गाव सांगत नाही. कुठं ठेवू?” मी गेले. दहा-अकरा वर्षांचा मुलगा बाकावर बसला होता. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, आणि त्याच शर्टाने तो डब्यांतून फरशी पुसत हिंडत होता, त्यामुळे पुढचा भाग काळा आणि पाठ स्वच्छ. मुठीत रुमालाचा बोळा, त्याला नशेसाठी हुंगतात त्या पंक्चरच्या सोल्युशनचा वास. सरकारी बालगृह दुसऱ्या गावी, त्या वेळी तिथे नेणार कोण? गाडी नाही, सोबत द्यायला महिला शिपाई नाही. शेवटी फोन लावला तो त्या ख्रिस्ती संस्थेला. वीस मिनिटांत एक सिस्टर आणि एक तरुण कार्यकर्ता स्कूटरवरून आले. सिस्टर केरळच्या, मराठी तोडकं, पण एव्हाना कळण्याची भाकरी थापायला शिकलेल्या. त्यांनी पोराला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. “जेवलास का?” एवढंच विचारलं. दोन दिवसांनी मी कागदपत्रांसाठी तिथे गेले तेव्हा तो पायरीवर बसून नखं काढत होता. बरं वाटतंय का विचारलं, तर म्हणाला, “आठे कोनी मारस नही.” इथे कुणी मारत नाही. त्याचं नाव मी सांगणार नाही, कायदाही सांगू देत नाही.

ही पोरं येतात कुठून, हे या वादात कुणीच विचारत नाही, जणू ती फलाटावरच उगवतात. उत्तरेकडून आणि नागपूरकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या आणि सुरतेच्या गाड्या या पट्ट्यात एकत्र येतात. घरातून निघालेलं पोर जी गाडी मिळेल तिच्यात चढतं, आणि टीसीने उतरवलं की इथे राहतं. काही आपल्याच मातीतली. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दहातली जवळपास सात माणसं आदिवासी. हंगाम लागला की तिथली आणि धुळ्याची कुटुंबं ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत जातात. मूल कधी सोबत, कधी आजीकडे, आणि आजी गेली की कुणाकडेच नाही. कुणाला सावत्र आईचा मार, कुणाच्या बापाची दारू, कुणी नुसता मोबाइल फोडला म्हणून पळालेला. रेल्वे सुरक्षा दलाने २०१८पासूनच्या सुमारे सात वर्षांत देशभरातल्या गाड्या आणि स्थानकांवरून चौऱ्याऐंशी हजारांहून जास्त मुलं सोडवली, असं रेल्वेनेच जाहीर केलं आहे. सोडवली, ठीक. त्या रात्री झोपली कुठे?

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर भक्कम आहे आणि त्यांचे पुढारी तो नीट मांडतही नाहीत. ते ‘आमिष’ म्हणतात, तांदळाची पोती आणि परदेशी पैसा काढतात. खरा मुद्दा पोत्याचा नाहीच. ज्याला दुसरं छप्पर नाही, त्याच्या ‘हो’ला अर्थ किती? दहा वर्षांच्या पोराला ज्या हातांनी जेवू घातलं, त्या हातांनी जोडलेला देव त्याला खरा वाटणारच. जबरदस्ती नको, आमिष नको, नुसतं उपकाराचं ओझं पुरतं. हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याच संस्थेत संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना असे. एका मुलाला मी बाजूला घेऊन विचारलं, “तू उभा नाही राहिलास तर काय होतं?” तो म्हणाला, “काई नाई मॅडम. मग भांडी घासायला पहिला नंबर.” तो हसत सांगत होता, पण मला हसू आलं नाही. कुणी छडी उगारली नव्हती, कुणी ख्रिस्ती हो म्हटलं नव्हतं, तरी भांड्यांच्या ढिगातून त्या पोराला काय कळायचं ते कळलं होतं. सरकारी मान्यतेच्या किंवा अनुदानाच्या शाळेत अजाण मुलाला पालकांच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८ सांगतं. मग ज्याचा पालक त्या रात्रीपुरती समिती आहे, त्याच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. मी तसं अहवालात लिहिलं. सिस्टर आधी दुखावल्या. महिन्याने गेले तर भांड्यांची पाळी हजेरीपटावर लागली होती, आणि प्रार्थनेच्या वेळी चार-पाच पोरं अंगणात गोट्या खेळत होती.

म्हणजे मुद्दा खरा निघाला, आणि त्यावरचा इलाज टाळं नव्हता, तपासणी होती. निवेदनवाल्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, एकदा सुधारतील, मागून पुन्हा तेच. बरं, मग मागून पुन्हा जा. कायद्यानेच समितीला महिन्यातून निदान दोनदा संस्था बघायला जायला सांगितलं आहे, आणि तीन महिन्यांतून एकदा तपासणी पथकानेही जायचं आहे, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर असलाच पाहिजे. हे पथक शेवटचं कधी आलं होतं, असा माहिती अधिकाराचा एक अर्जही मोर्चा काढणाऱ्यांनी केला नाही. दहा रुपयांचा अर्ज. मोर्च्याच्या बॅनरला किती लागले असतील?

हे भांडण आपल्याकडे आधी होऊन गेलं आहे, तेही फार मोठ्या माणसांत. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत मुख्यतः विधवांना शिकवणारं शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. बाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पण सदनात धर्म शिकवणार नाही असा शब्द दिलेला, म्हणून रानडे-भांडारकर सल्लागार मंडळात बसले. पुढे विधवा मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याची बोंब झाली. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३मध्ये सल्लागार बाहेर पडले, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा संशय पोकळ होता का? नव्हता. काही मुली ख्रिस्ती झाल्या. पुढच्या दुष्काळांत रमाबाईंनी केडगावला शेकडो मुली जगवल्या, ते काम तर उघडच ख्रिस्ती होतं. पण मला त्या काढून नेलेल्या मुलींबद्दल विचारायचं आहे. त्या कुठे गेल्या? ज्या घरात डोकी भादरून कोपऱ्यात बसवलं होतं, त्याच घरात. ‘केसरी’च्या स्तंभात त्यांच्यासाठी खोली नव्हती.

त्या वादाला खरं उत्तर दिलं ते एका गणिताच्या प्राध्यापकाने, अग्रलेखाच्या वाटेला न जाता. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी लग्न केलं, ती गोदूबाई शारदासदनातच शिकलेली. रमाबाईंच्या हाताखाली राहूनही ती ख्रिस्ती झाली नाही, बाया कर्वे झाली. आणि १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. शारदासदन बंद पाडा म्हणून ते हिंडले नाहीत. आपलं छप्पर घातलं. त्याआधी तीन दशकं, १८६३ साली, जोतीरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हाही हेच. मिशनच्या शाळेत शिकलेला हा माणूस मिशनऱ्यांची चिकाटी त्यांच्याकडून शिकला आणि धर्म त्यांच्याकडेच ठेवून आला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली जी संस्था काढली, तिच्या नावातच ‘मिशन’ आहे. या तिघांनी मिशनऱ्यांशी स्पर्धा केली, म्हणून महाराष्ट्राला एकाऐवजी दोन दारं मिळाली. आपण आज एक दार बंद करून शून्यावर येणार आहोत, आणि त्यालाच विजय म्हणणार आहोत.

यावर एक जाणकार वकील मित्र मला म्हणतात, “बाई, तुम्ही प्रार्थनेपुरतंच बोलता. चर्चच्या बालगृहांचा जगभरचा इतिहास काढा.” काढू. आयर्लंडमध्ये चर्चने चालवलेल्या शाळा-वसतिगृहांत दशकानुदशकं पोरांचे किती हाल झाले, ते तिथल्या चौकशी आयोगाने २००९ साली हजारो पानांत लिहून ठेवलं. कॅनडात आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबली, भाषा विसरायला लावली. त्याबद्दल २०२२ साली पोप तिथे जाऊन माफी मागून आले. नंदुरबारच्या पावरा-भिल्ल मुलांबद्दल बोलताना कॅनडाची आठवण ठेवायलाच हवी, आणि ‘सेवा’ नऊ वेळा लिहिणाऱ्यांनी तर ती आधी ठेवायला हवी. पण बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात २०१८ साली जे उघडं पडलं, तिथे ना चर्च होतं ना मठ. तिथे होती राजकीय ओळखींची स्वयंसेवी संस्था आणि तिला मिळणारं सरकारी अनुदान. ते बाहेर आलं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीतून, म्हणजे बाहेरची माणसं आत जाऊन मुलींशी एकांतात बोलली म्हणून. आयर्लंडमध्ये आणि मुझफ्फरपूरमध्ये समान काय होतं? बंद फाटक, आणि आतल्या माणसावर संशय घेणं हेच पाप मानणारं बाहेरचं गाव. म्हणून ‘देवमाणसं’ या शब्दाची मला ‘बाटवतात’ इतकीच भीती वाटते. देवमाणसाची तपासणी कोण करणार?

परदेशी पैशाचा मुद्दा एका परिच्छेदातच उरकते, कारण त्यात आता फारसा दम राहिलेला नाही. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एका शाखेत उतरते, ती दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही, आणि प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. गावातल्या कितीतरी ट्रस्टांचा हिशेब इतका उघडा असता तर बरं झालं असतं.

प्रश्न उरतो तो असा, की स्टेशनवर ही माणसंच का दिसतात? योगायोग नाही, त्यामागे एक पद्धत आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. इटलीत तुरीन शहरात १८४१च्या सुमाराला जॉन बॉस्को नावाच्या तरुण पाद्र्याने कामाच्या शोधात शहरात आलेली, रस्त्यावर झोपणारी पोरं गोळा करायला सुरुवात केली. आधी खेळ, मग जेवण, मग झोपायला जागा. पुढे तो पोरांना कामावर ठेवणाऱ्या कारागिरांशी लेखी करार करू लागला: मारायचं नाही, धंदा शिकवायचा, सुट्टी द्यायची. त्याच्या परंपरेतला वडाळ्याचा निवारा मुंबईत १९८७पासून चालू आहे. या कामाचं मर्म म्हणजे दार सताड उघडं ठेवणं. पोर आज येतं, उद्या पळतं, परवा पुन्हा येतं, आणि कुणी टोमणा मारत नाही. आपल्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘रिमांड होम’च असलेल्या सरकारी बालगृहात कुलूप असतं, म्हणून पोरं भिंतीवरून उडी मारतात आणि पुन्हा फलाटावर येतात. माझ्या तीन वर्षांत एक मुलगा चार वेळा असा परत आला. पाचव्यांदा सिस्टरांकडे गेला आणि टिकला. का, हे मी त्याला विचारलं नाही. दार बघूनच कळत होतं.

एक हिशेब मात्र ख्रिस्ती संस्थांनीही द्यायला हवा, आणि तो धर्माचा नाही. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदा म्हणतो. यातली बरीच पोरं अनाथ नसतात. त्यांना आई असते, मामा असतो, कुठेतरी पाड्यावर आजी असते. पोर आपल्याकडे रुळलं, शाळेत नंबर काढू लागलं की त्याला परत पाठवायचं संस्थेच्या जिवावर येतं. हा मोह प्रेमापोटी होतो, म्हणून जास्त घातक. वर्षाला किती आली हे अहवालात ठळक छापतात. घरी परत किती गेली, हेही तितकंच ठळक छापा.

आणि नुसत्या संशयाने पोरांचं काय होतं, ते याच पट्ट्यात घडलेलं आहे. मे २०२३मध्ये दानापूर–पुणे एक्सप्रेसमधून मदरशात शिकायला निघालेली बिहारची एकोणसाठ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. मुलांची तस्करी, असा गुन्हा दाखल झाला, सोबतचे शिक्षक तुरुंगात गेले, मुलं बारा दिवस निवारागृहांत राहिली. पुढच्या मार्चमध्ये पोलिसांनीच सांगितलं की तस्करी नव्हती, गैरसमज होता. चौकशी करू नये असं मी म्हणत नाही; एवढी मुलं एकत्र दिसली तर मीही विचारलं असतं. पण आधी कागद बघावा की आधी बेड्या घालाव्यात? मुलाचं हित कशात, हा प्रश्न बाजूला पडून मूल कुणाचं, हा प्रश्न पुढे आला, की ते बारा दिवस पोरंच भोगतात. उद्या एखाद्या सिस्टरच्या स्कूटरवर पोर दिसलं म्हणून कुणी व्हिडिओ काढला, तर परवा रात्री साडेअकराला फोन कोण उचलेल?

मला वाईट वाटतं ते याचं, की हे काम आपल्याला नवीन नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. पोरांच्या खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे घडी करून ठेवणारा मास्तर याच खानदेशाने पाहिला. चौकाचौकात त्यांचे फोटो आहेत, जयंतीला हार पडतात. पहिल्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांत तिघे माझेच विद्यार्थी, प्रार्थनेतलं ‘खरा तो एकची धर्म’ पाठ म्हणणारे.

त्यांना मी घरी बोलावलं होतं. भांडायला नव्हे, चहाला. म्हटलं, तुमचा मुद्दा अर्धा मला मान्य आहे, आता मला रात्रीचे फोन नंबर द्या. समितीवर सध्या जे आहेत त्यांना देते. तिघांनी दिले. पंधरा दिवसांनी समितीच्या सदस्यांनी साडेबाराला ते लावले. दोन वाजत राहिले. तिसरा उचलला गेला, आणि तो मुलगा खरंच मोटारसायकलवरून स्टेशनवर आला, डिकीत नवी चादर घेऊन. पण पोराला घरी नेता येईना. नोंदणी नसलेल्या जागी मूल ठेवणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला तिथे कळलं. पोर त्याची चादर पांघरून सिस्टरांच्या मागे स्कूटरवर बसलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, “बाई, नोंदणीला काय काय लागतं?” मी सांगत गेले, तो निवेदनाच्याच एका प्रतीच्या मागे लिहीत गेला. झोपायला दर मुलामागे चाळीस चौरस फूट. सात मुलांमागे एक संडास, दहांमागे एक न्हाणीघर. आजारी मुलांची वेगळी खोली, स्वयंपाकघर, समुपदेशक, अधीक्षक. जागेचं त्याच्या काकांचं गोडाऊन होतं, ते मनात धरून तो भराभर आकडे मांडत होता. मग मी म्हटलं, “काळजीवाहक. दिवसाचे आणि रात्रीचे.”

“रात्रीचे किती?”

“निदान दोन. बाराही महिने. दिवाळीलासुद्धा.”

त्याने ‘रात्रपाळी’ असं लिहिलं, पुढे दोन रेघा ओढल्या, आणि त्या रेघांवर नावं लिहायची सोडून बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसला. कागद घेऊन गेला आहे.